फ्रिजवरचे अकरा नियम

जळगावला माहेरच्या फ्रिजवर एक कागद चिकटवलेला होता. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो व्हॉट्सअ‍ॅपवरून घेतला, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जाऊन प्रिंट काढली आणि लाल पेनाने त्यातल्या पाच ओळींखाली रेघा मारल्या. मथळा असा: 'बाळाला घेऊन घराबाहेर पडताय? आधी हे ११ नियम वाचा.' त्याखाली 'एका ज्येष्ठ बालरोगतज्ज्ञांचा सल्ला'. या तज्ज्ञांना नाव नाही, गाव नाही. शेवटी जोडलेले हात आणि 'किमान दहा आयांना पाठवा'.

हा मेसेज मला वर्षभरात चारदा आला असेल. प्रत्येक वेळी डिलीट केला. कुणाकुणाशी भांडणार? पण या वेळी तो माझ्या धाकट्या बहिणीपर्यंत पोचला होता आणि तिच्याकडे साडेचार महिन्यांची जुळी आहेत. मे महिना, बाहेर ४४ अंश, आणि रविवारी मामेभावाचं लग्न संभाजीनगरला. मी चार वर्षांच्या चिमीला घेऊन बुधवारी सकाळी माहेरी टेकले, तर स्वयंपाकघराच्या ओट्यावर झाकण घातलेली स्टीलची वाटी. उकळून गार केलेलं पाणी, त्यात खडीसाखर, शेजारी छोटा चमचा. आई दोन्ही पिल्लांना दिवसातून तीनदा चार-चार चमचे पाजत होती. "नियम पहिला," आप्पांनी फ्रिजकडे बोट केलं.

तर पहिल्यापासूनच घेऊ. बाकीचे नियम बरेचसे मूर्खपणाचे आहेत. हा धोक्याचा आहे.

मेसेज म्हणतो: उन्हाळ्यात आईचं दूध 'तापतं' आणि घट्ट होतं, त्याने बाळाची तहान भागत नाही, म्हणून तिसऱ्या महिन्यापासून साखरेचं किंवा ग्लुकोजचं पाणी द्यावं, प्रवासात तर नक्कीच.

दूध तापतं म्हणजे काय? आईचं अंग काय पत्र्याची टाकी आहे? बाहेर ४४ असो की १४, शरीर आतून आपलं ३७च्या आसपासच राहतं आणि दूधही तेवढंच. उन्हातून आलेल्या बाईने जरा सावलीत बसावं, घाम पुसावा, हे तिच्यासाठी ठीक. त्यासाठी दूध पिळून फेकून देण्याची काही गरज नाही (हो, मेसेजमध्ये तेही आहे). आणि घट्ट? आईच्या दुधात शंभरातले जवळजवळ ८८ भाग पाणीच असतं. पाजायला घेतल्यावर सुरुवातीला येणारं दूध पातळ असतं, पुढे स्निग्ध होत जातं. तहानलेलं बाळ वरचेवर आणि थोडं थोडं पितं, म्हणजे नेमकं ते पातळच दूध जास्त घेतं. ही व्यवस्था जळगावच्या उन्हाला पुरून उरते.

पाणी पाजल्याने होतं काय, ते बहिणीला समजावताना मी आईलाही समोर बसवलं. एवढ्याशा पोटात पाणी गेलं की तेवढं दूध कमी जातं. बाळाने कमी ओढलं की दूधही कमी उतरायला लागतं. मग 'बघ, तुला दूधच पुरत नाही' म्हणायला सगळे मोकळे. त्यात जुळ्यांची आई, तिला हे ऐकवायला लोक टपलेलेच असतात. आणि पाणी जास्तच गेलं, तर इतक्या लहान बाळाच्या मूत्रपिंडांना ते झेपत नाही, रक्तातलं सोडियम उतरतं आणि झटके येऊ शकतात. चार चमच्यांनी लगेच तसं होईल असं मी म्हणत नाही. पण प्रवासात बाळ रडलं की चाराचे चाळीस चमचे व्हायला वेळ लागत नाही. पावडरच्या दुधावरच्या बाळांनाही सहा महिन्यांपर्यंत वरून पाण्याची सहसा गरज नसते. ते दूध मात्र डब्यावरच्या मापानेच कालवायचं. 'ऊन आहे, जरा पातळ करू' हा त्याच चुकीचा दुसरा अवतार.

"पण तुला कसं कळणार त्यांना पुरतंय की नाही?" आईने विचारलं. प्रश्न रास्त होता. मी तिला गच्चीवर नेलं. दोरीवर लंगोट वाळत होते, सकाळपासूनचे. मोजले, चौदा. चोवीस तासांत एका बाळाचे सहा किंवा जास्त लंगोट ओले होत असतील, लघवी फिकट असेल आणि वजन वाढत असेल, तर पाणी पुरतंय. लघवी कमी झाली, तोंड कोरडं पडलं, टाळू खोल गेली, बाळ मलूल झालं, तर वाटी-चमचा नाही काढायचा, डॉक्टर गाठायचा. जुलाब लागले तर ओआरएसचंही तेच, डॉक्टर सांगतील तसं.

आता पुरावा. कपाटात लसीकरणाचं ते कार्ड असतं ना, माता व बाल संरक्षण कार्ड? सरकारी दवाखान्यातून, अंगणवाडीतून मिळतं. आमच्याकडे दोन होती, दोन बाळांची, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेली. त्यात सरळ मराठीत छापलंय की पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही. जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते, उष्ण देशांसकट. केंद्र सरकारने २०१६ साली 'माँ' नावाचा अख्खा कार्यक्रम यासाठीच काढला. पण आमच्या घरात वजन पडलं ते कार्डाचंच. आप्पांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. नाव नसलेल्या तज्ज्ञापेक्षा शिक्का असलेला कागद बरा, एवढं त्यांना पटतं.

आणखी एक. अकरा नियमांत आईने किती पाणी प्यावं याबद्दल एक अक्षर नाही. दोन बाळांना अंगावर पाजणारी बाई उन्हाळ्यात घशाला कोरड पडेस्तोवर बसलेली असते आणि घर वाटी घेऊन बाळांच्या मागे. पाणी द्यायचंच असेल तर तिला द्या. तांब्या भरून.

दुसरा नियम: गाडीत आईच्या मांडीइतकी सुरक्षित जागा नाही, आईने बाळ घेऊन पुढच्या सीटवर बसावं म्हणजे एसी नीट लागतो, 'कार सीट हे परदेशी फॅड'. याच्याखाली आप्पांची सगळ्यात जाड लाल रेघ होती.

आप्पांनी तीस वर्षं विज्ञान शिकवलंय. म्हणून मी भाषण दिलं नाही, गणित घातलं. गाडी ताशी ५० किलोमीटरने चाललीये, समोर ट्रक, गाडी एक दशांश सेकंदात थांबली. पिल्लाचं वजन साडेसहा किलो. हातांवर किती भार येईल? त्यांनी त्याच कागदाच्या समासात मांडलं: सेकंदाला जवळजवळ १४ मीटर, भार साधारण १४ पट, म्हणजे ९० किलोच्या आसपास. सिमेंटचं पोतं ५० किलोचं असतं. जवळजवळ दोन पोती एका क्षणात हातातून सुटायला बघतात, ती कुठली आई धरून ठेवेल? दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडल्यावर जो वेग येतो तोच हा वेग. आप्पा पेनाचं टोपण लावून बराच वेळ गप्प बसले.

पुढच्या सीटचं तर बोलूच नका. एअरबॅग पापणी लवायच्या आत उघडते, आणि तिच्यात नि आईमध्ये असतं कोण? बाळ. तान्ह्या बाळाची सीट मागेच लावायची, बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला करून. म्हणजे झटका बसला तर मानेवर न येता तो सगळ्या पाठीवर पसरतो. आणि फॅड कसलं? २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब मध्येच आहे की १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याने किंवा मुलांच्या सीटने बांधलेलं नसेल तर १००० रुपये दंड. दुचाकीवर चार वर्षांखालच्या मुलाला हार्नेस, म्हणजे चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारा पट्टा, लागतो, नऊ महिन्यांपासून पुढे हेल्मेट लागतं आणि वेग ताशी ४०च्या आत, हा नियम २०२२ साली निघाला. स्कूटरवर पुढे मूल उभं करून फिरणाऱ्या आपल्या गावांत तो किती जणांना ठाऊक आहे, ते सोडा.

इथे एक गोष्ट नाइलाजाने मान्य करते. कार सीट स्वस्त नाही आणि जुळ्यांना दोन लागतात. रिक्षात ती लावताच येत नाही. एकदोन वर्षांत ती लहान होते, मग माळ्यावर. ही अडचण खरी आहे, पण तिच्यावरचा उपाय 'मांडी सुरक्षित आहे' असं खोटं लिहिणं हा नाही. आम्ही एक सीट चुलतभावाकडून उसनी आणली आणि दुसरी घेतली. उसनी घेताना ती कधी अपघातात सापडली नव्हती ना, एवढं मात्र विचारून घ्या.

तिसरा नियम, निघण्यापूर्वी मधाचं बोट. नाही. वर्षाच्या आत मध नाही. मधात बोट्युलिझमच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, तान्ह्या बाळाच्या रुजतात आणि स्नायू लुळे पाडतात. मध घरचा आहे, शेतातला आहे, उकळलाय, याने काही फरक पडत नाही.

चौथा नियम वाचून मात्र माझं डोकंच फिरलं. 'प्रवासभर बाळ शांत झोपावं म्हणून जायफळाचे चार वळसे किंवा सर्दीचं औषध अर्धा चमचा.' म्हणजे पाहुण्यांना रडणं ऐकू येऊ नये म्हणून बाळाला गुंगी आणायची! आई म्हणाली, आपल्या आजीच्या गुटीत जायफळ असायचंच. असायचं. सहाणेवर वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग, आणि जायफळाचा एक वळसा, तोही जपून, कारण जास्त झालं तर काय होतं ते तिला माहीत होतं. तीही गुटी सहा महिन्यांच्या आत नकोच, कार्डाचा नियम तिलाही लागू. पण निदान आजीच्या हाताला माप होतं. हा मेसेज तिच्या नावावर चार वळसे खपवतो. आणि सर्दीचं औषध? सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याला भेसळीच्या खोकल्याच्या औषधाने मुलं गेली, आठवतंय ना? तेव्हाच केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊच नयेत. रडणारं बाळ जिवंत, जागं आणि भुकेलं असतं. त्याला पाजा.

बाकीचे भराभर. पाचवा, उन्हात बाळाच्या तोंडावरून ओला पंचा घालावा: तोंड झाकू नका, आत हवा कोंडते आणि उकाडा वाढतो, डोक्यावर टोपी, अंगात सुती झबलं, आणि सावली. सहावा, डोळ्यांत काजळ: काही काजळांत शिसं निघालंय, नजरेची काळजीच असेल तर तळपायाला तीट लावा. सातवा, डायपरने पाय फेंगडे होतात: बाळांचे पाय जन्मतः थोडे वाकडेच असतात, साधारण दोन वर्षांत सरळ होतात. आठवा, मोठ्या मुलांना प्रवासात केळं देऊ नये, कफ होतो. हे जळगावात! २०१६ साली ज्याच्या केळ्याला भौगोलिक मानांकन मिळालं त्या जिल्ह्यात हा मेसेज फिरतोय आणि लोक माना डोलावतायत. चिमीने हे ऐकलं आणि फळीवरच्या फणीतून आणखी एक ओढलं.

दहावा, तिन्हीसांजेला बाहेर नेऊ नये, वारं लागतं. वाऱ्याचं माहीत नाही, डास मात्र चावतात. अंगभर कपडे घाला आणि न्या.

अकरावा, पहिले दोन महिने लग्नकार्याच्या गर्दीत नेऊ नये. हा बरोबर आहे, म्हणायला जिवावर येतं तरी. पेंटाचा, म्हणजे डांग्या खोकल्यासकट पाच रोगांवरच्या एकत्र लसीचा, पहिला डोस सहाव्या आठवड्याला, पुढचे दहाव्या आणि चौदाव्याला. तोवर डांग्या खोकल्यासारख्या गोष्टींपासून बाळाला फारसं संरक्षण नसतं आणि लग्नात प्रत्येक मावशीला मुका घ्यायचा असतो. सव्वा महिना घरात ठेवायची पद्धत याच वळणाची. आमच्या पिल्लांचे तिन्ही डोस झाले होते, तरी हात धुतल्याशिवाय कुणाच्या हातात द्यायचं नाही, असं बहिणीने आधीच बजावून ठेवलं. दोन आत्या रुसल्या. चालायचंच.

नववा मी मुद्दाम मागे ठेवला. 'दर दोन तासांनी गाडी थांबवा, बाळाला सीटवरून काढून आडवं करा, पाजा.' हा तर पूर्ण बरोबर! कार सीटला फॅड म्हणणाऱ्याने 'सीटवरून काढा' कुठून उचललं देव जाणे, पण उचललं ते ठीक उचललं.

रविवारी पहाटे गाडीत मेहुणे चालवायला, पुढे आप्पा, मागे दोन सीटांच्या मधे कशीबशी बहीण. आई, मी आणि चिमी एसटीने. आम्हा दोघींना अर्धं तिकीट, चिमीला तिकीटच नाही. फर्दापूरला घाट लागण्याआधी आप्पांचा फोन आला: "थांबलोय. नियम नववा." सिल्लोडला पुन्हा तोच फोन. तिथे बसस्थानकावर बाळांना पाजायचा हिरकणी कक्ष सापडला का, विचारलं, तर म्हणाले कुलूप आहे, चावी कंट्रोलरकडे आहे, मी आणायला निघालोय.