वाढ पुढच्या सभागृहाला

नवी महापालिका झाली की नगरसेवकांच्या मानधनावरचं भांडण ठरलेलं. एक बाजू म्हणते, सेवेला आलात ना, मग पैसे कशाला? दुसरी म्हणते, आमदारांचं वाढतं, आमचंच का नाही? इचलकरंजी २०२२ मध्ये महापालिका झाली, जालना २०२३ मध्ये. दोन्हीकडे पहिली निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. म्हणजे हा वाद तिथे आज ना उद्या येणारच, आणि पुन्हा सगळे आकड्यावरच भांडणार. तो आकडा कुणी ठरवला, कधी ठरवला आणि लागू कुणाला, हे कुणी विचारत नाही. संताप येतो तो याचा.

२०१७ मध्ये राज्य सरकारने मुंबईच्या नगरसेवकाला महिना २५,००० आणि लहान महापालिकांतल्यांना १०,००० रुपये ठरवून दिले. ठरवायचं मंत्रालयाने, द्यायचे महापालिकेच्या तिजोरीतून. मतदाराचा यात संबंधच कुठे येतो?

इकडे अमेरिकेत, मी राहतो तिथे, जॉर्जिया राज्यात अटलांटाच्या उत्तरेला सँडी स्प्रिंग्ज (२००५), जॉन्स क्रीक आणि मिल्टन (२००६), डनवुडी (२००८) अशी नवी शहरं झाली. लोकप्रतिनिधींचा पगार चार्टरमध्येच, म्हणजे शहराच्या सनदेतच लिहिलेला असतो. सँडी स्प्रिंग्जच्या चार्टरमध्ये महापौराला वर्षाला २५,००० डॉलर आणि कौन्सिल सदस्याला १२,००० होते. शहर हवं की नको यावर जून २००५ मध्ये लोकांनी मत दिलं, तेव्हा हा आकडा त्यांच्यासमोर होता. पुढे वाढ करता येते, पण जॉर्जियाचा कायदा ती मोकाट सोडत नाही. ठरावाआधी सलग तीन आठवडे लीगल ऑर्गनमध्ये, म्हणजे कायदेशीर नोटिसांसाठी ठरलेल्या वर्तमानपत्रात, नोटीस द्यावी लागते. उमेदवारांचं क्वालिफाइंग, म्हणजे अर्ज भरणं, सुरू झालं की नवे सदस्य शपथ घेईपर्यंत असा ठरावच करता येत नाही. आणि केलेली वाढ लागू होते पुढच्या निवडणुकीनंतर. हात वर करणाऱ्याला ती घ्यायची असेल तर आधी मतदाराच्या दारात जावं लागतं. हा एवढा एक नियम आपल्याकडे आणला तरी निम्मं भांडण मिटेल.

अधिकाऱ्यांच्या पगाराचं गणित याहून अवघड, आणि तिथे इकडचेही चुकले आहेत. नव्या शहराला पहिल्या दिवशी मॅनेजर, क्लर्क, फायनान्स डायरेक्टर लागतात, पण प्रॉपर्टी टॅक्सचा पैसा हातात यायला महिने जातात. सँडी स्प्रिंग्जने पोलीस आणि अग्निशमन सोडून बहुतेक सगळं काम एका कंपनीला ठोक रकमेवर दिलं. ठोक करारात कोणत्या पदाला नेमके किती जातात हे करदात्याला दिसत नाही. २०१९ मध्ये शहराने बहुतेक खाती स्वतःकडे घेतली, कारण पाच वर्षांत १.४ कोटी डॉलर वाचतील असा त्यांचा हिशोब निघाला.

कॅलिफोर्नियातलं बेल तर लाजिरवाणं. साधारण छत्तीस हजार वस्तीचं, गरीब शहर. २००५ मध्ये चारशेहून कमी मतं पडलेल्या निवडणुकीत ते चार्टर सिटी, म्हणजे स्वतःच्या सनदेवर चालणारं शहर झालं आणि कौन्सिल सदस्यांवरची राज्याची पगारमर्यादा सुटली. सदस्य नावापुरत्या बैठका घेणाऱ्या मंडळांवर बसून वर्षाला लाखभर डॉलरच्या आसपास उचलत होते. सिटी मॅनेजर रॉबर्ट रिझोचा पगार ७,८७,६३७ डॉलर होता. २०१० मध्ये वर्तमानपत्राने हे उघड केलं आणि २०१४ मध्ये रिझोला बारा वर्षांची शिक्षा झाली. पगार जाहीर असता, तर पहिल्याच वर्षी ओरड झाली असती.

आपल्याकडे बेल होणार नाही, हे खरं. आयुक्त सरकार पाठवतं आणि वेतनश्रेण्या बांधलेल्या आहेत. पण नगरपालिकेचे कर्मचारी महापालिकेत सामावून घ्यायचे, त्यांची वेतननिश्चिती करायची, नव्या पदांचा आकृतिबंध नगरविकास खात्याकडून मंजूर करून आणायचा, वरची पदं प्रतिनियुक्तीने भरायची, आणि हे सगळं आस्थापना खर्चावर, म्हणजे पगारावरच्या खर्चावर असलेल्या उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या मर्यादेत बसवायचं. पदं मंजूर होतात, पैसा नसतो, मग ती रिकामी राहतात आणि काम ठेकेदाराच्या माणसांवर चालतं. त्या माणसांचा पगार आस्थापनेच्या रकान्यात दिसत नाही. मर्यादा कागदावर पाळली जाते. इचलकरंजी आणि जालन्यात तर पहिली काही वर्षं प्रशासकाचीच होती, म्हणजे पगाराची चौकट घालताना विचारायला निवडून आलेलं कुणी नव्हतंच.

“तिकडे बसून सांगू नका,” असं मला ऐकवलं जातं. इथल्या कौन्सिलच्या बजेटवर मी शांतपणे बोलतो. महाराष्ट्रातल्या माझ्या महापालिकेच्या सर्वसाधारण सभेची बातमी वाचली की रक्त तापतं. मतदार मी इथला, तिथल्या यादीत माझं नाव नाही, तरी ती महापालिका मला परकी वाटत नाही. म्हणूनच सांगतो: पहिल्याच अंदाजपत्रकासोबत प्रत्येक पदाचा पगार आणि ठेक्यावरच्या माणसांची संख्या वेबसाइटवर टाका, आणि मानधनवाढ पुढच्या सभागृहालाच लागू व्हावी, असा ठराव करून सरकारकडे पाठवा. ठराव करायला नगरविकास खात्याची परवानगी लागत नाही.