खिडकी कुठल्या बाजूला

आमचा धाकटा पुढच्या महिन्यात बाहेर चाललाय, व्हिसा आला, म्हणून काल कट्ट्यावर सगळे जमलो होतो आणि विषय असा काही पेटला की घरी येऊन झोपच येईना, म्हणून आठवतंय तसं लिहून काढतोय.

ठिणगी मास्तरांनी टाकली. "जा बाबा सुखाने, पण देवाला विसरू नकोस, तिकडे गेल्यावर पोरं बदलतात."

धाकटा लगेच, "देव काय फक्त इथेच आहे का मास्तर? बायबलमधल्या यहेज्केल संदेष्ट्याला देवाचं दर्शन कुठे झालं, बाबेलला कैद करून नेलेल्या यहुदी लोकांत, तिथल्या खबार नदीच्या काठी. देवाच्या सिंहासनाला चाकं होती, तो कुठेही येतो."

पोरगं वाचून आलं होतं हे बघून मला बरं वाटलं. पण मास्तर ऐकतायत होय. म्हणाले, "देव येतो रे, प्रश्न तुझा आहे. दानीएल बघ, तोही असाच बाबेलला नेलेला, कोवळं पोर, पण राजाच्या ताटातलं खाणार नाही म्हणाला, दहा दिवस नुसता भाजीपाला आणि पाणी देऊन बघा म्हणाला. पहिल्या दिवसापासून नाही म्हणायला शिकायचं, नाहीतर मग कधीच जमत नाही."

इथे मला राहवलं नाही. मी म्हटलं, मास्तर, तो कशाकशाला हो म्हणाला ते पण सांगा ना. नाव बदललं त्याचं, बेलटशास्सर ठेवलं, आणि हे नाव माझ्या देवावरून ठेवलंय असं खुद्द बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर म्हणतो. त्याने ते चालवून घेतलं. तीन वर्षं खास्द्यांची, म्हणजे बाबेलच्या लोकांची भाषा शिकला, त्यांची विद्या शिकला, ज्या राजाने यरुशलेम जाळलं त्याच्याच आणि त्याच्या पुढच्या राजांच्या दरबारात आयुष्यभर नोकरी केली आणि ती पण मन लावून केली, कामात खोट काढायला गेले तर काही सापडलं नाही शत्रूंना. एवढ्या सगळ्याला हो म्हणून माणूस ताटावर अडला.

मास्तर थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "पण अडायचं कुठे ते त्याने मनात आधी ठरवलं होतं. ताट समोर आल्यावर विचार करत बसला नाही." हे मात्र मला एकदम पटलं आणि मी तसं बोललो पण.

धाकट्याने विषय दुसरीकडे नेला, त्याचं म्हणणं आपण तिकडे दोन वर्षंच आहोत, तेवढ्यासाठी चर्च शोधा, ओळखी करा कशाला, ऑनलाइन बघू, परत आलो की आहेच. यावर मी जरा तापलोच. अरे यिर्मया संदेष्ट्याच्या वेळी, लोकांना बाबेलला नेलं तेव्हा, अगदी हेच झालं होतं, हनन्या नावाचा खोटा संदेष्टा लोकांना सांगत होता की दोनच वर्षं, मग सगळे घरी. आणि यिर्मयाने बाबेलला पत्र लिहिलं की सत्तर वर्षं लागणार आहेत, घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. शत्रूच्या नगरासाठी हं! लोकांनी ऐकलं पण असावं, कारण तिकडे मातीच्या पाट्या सापडल्यात, अल-याहूदू म्हणजे यहुदाचं गाव म्हणतात त्याला, इ.स.पू. ५७२ पासून पुढच्या, त्यात हे लोक शेती करतायत, कर भरतायत, व्यवहार करतायत, आणि पोरांच्या नावात अजून देवाचं नाव आहे. बॅग न उघडता राहणाऱ्या माणसाची श्रद्धा पण बॅगेतच राहते असं माझं मत आहे, दोन वर्षं असोत नाहीतर वीस.

ताई इतका वेळ नुसती ऐकत होती. ती परदेशात हॉस्पिटलला नर्स होती, बरीच वर्षं. ती म्हणाली, "तुम्ही सगळे दानीएलाचंच बोलताय, नामानाचं कोणी काढत नाही."

नामान म्हणजे अरामचा सेनापती, कोड बरा झाल्यावर दोन खेचरांवर मावेल एवढी इस्राएलची माती मागून घेतो, आणि मग इस्राएलचा संदेष्टा अलीशा याला म्हणतो की माझा धनी रिम्मोनाच्या, म्हणजे अरामी देवाच्या देवळात माझ्या हातावर टेकून नमन करतो तेव्हा मलाही वाकावं लागतं, तेवढ्याची देवाने क्षमा करावी. आणि अलीशा त्याला म्हणतो, शांतीने जा.

मास्तर म्हणाले, "ती सूट विश्वासात नव्या असलेल्या माणसाला होती." ताई म्हणाली, "असेल. पण त्याने लपवलं नाही ना मास्तर, तोंडाने सांगितलं की इथे मी कमी पडणार आहे. मी तेवढं पण केलं नाही."

मग तिने सांगितलं ते मी कधी ऐकलं नव्हतं. रविवारची ड्युटी असायची, चर्च हुकायचं, म्हणून ब्रेकमध्ये ती जिन्याच्या मधल्या वळणावर जाऊन उभी राहायची, भिंतीकडे तोंड, मोबाईल हातात, आणि हळू आवाजात प्रार्थना करायची. एकदा बरोबरची एक नर्स जिना उतरताना म्हणाली, घरी बोलतेयस का? आणि ताईच्या तोंडून निघून गेलं, हो, घरचा फोन आहे. "फोनची स्क्रीन बंद होती रे. मला कोणी धमकावलं नव्हतं, नोकरी जाणार नव्हती, काही नाही. नुसतं विचित्र दिसू नये म्हणून खोटं बोलले." आठवडाभर तिला झोप नाही. पुढच्या वेळी तीच नर्स दिसली तेव्हा हिने स्वतःहून सांगितलं की त्या दिवशी मी प्रार्थना करत होते. ती बाई "बरं" म्हणाली आणि खाली निघून गेली.

कोणी काही बोललं नाही थोडा वेळ. मला वाटतं बाहेर राहणाऱ्यांची खरी अडचण हीच आहे, दानीएलासारखं सिंहाच्या गुहेत टाकायला कोणी येत नाही, तुम्ही प्रार्थना केली काय आणि नाही केली काय कोणाला फरक पडत नाही, आणि ते सुटत जातं.

मग मास्तरच हळू आवाजात बोलायला लागले. पुढे दारयावेश राजाचा हुकूम निघाला, तीस दिवस राजाशिवाय कोणाकडे मागणं मागायचं नाही, तेव्हा दानीएल घरी गेला आणि यरुशलेमेकडच्या खिडक्या उघड्या होत्या तिथे गुडघे टेकले, दिवसातून तीनदा, आधी करायचा तसंच. "म्हातारा झाला होता तोवर," मास्तर म्हणाले, "आणि मंदिर इ.स.पू. ५८६ च्या सुमारासच जळालं होतं. तिकडे होतं काय? पडक्या भिंती. पन्नासेक वर्षं तो माणूस पडक्या भिंतींकडे तोंड करून बसत होता." बोलता बोलता त्यांचा आवाज भरून आला.

धाकट्याने मोबाईल काढला आणि तिकडची वेळ बघायला लागला. तिकडे सकाळ असते तेव्हा इथे काय वाजतात, इथे रात्र होते तेव्हा तिथे मी कामावर असेन, असं पुटपुटत होता. ताईने विचारलं काय करतोयस, तर म्हणाला, "तुम्ही आणि मी एकाच वेळी बसू शकू अशी वेळ शोधतोय, पण तुम्हाला पहाटे उठावं लागेल."

मास्तर म्हणाले, "तू वेळ सांग, उठायचं आमचं आम्ही बघू."