'चुकीच्या साइजची निब दिली' या रिव्ह्यूवर आमचं उत्तर

नमस्कार सर, रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं असं की फाउंटन पेनला 6 नंबरची फ्लेक्स (दाबलं की टोक उघडणारी लवचिक) निब घेतली तरी लाइन बारीकच येते, दाबलं की मधली शाई गायब होऊन दोन रेघा पडतात आणि आता तर टोकच फाकून बसलंय, म्हणजे दुकानाने साइज चुकीचा गळ्यात मारला, 5 नंबर द्यायला हवी होती.

सर, 5 काय नि 6 काय, तो आकडा निबच्या अंगाचा, ती कुठल्या पेनात बसेल एवढंच त्यावरून कळतं. 6 नंबर साधारण 35 मिमी लांब असते, तुमचं पेन त्याच मापाचं आहे, 5 नंबर त्यात नुसती खुळखुळली असती. रेघेची जाडी ठरते टोकावरून, आणि फ्लेक्सचं टोक मुद्दाम बारीक ठेवतात, हलक्या हाताने बारीक आणि दाबल्यावर जाड हाच तर तिचा खेळ आहे.

पण दाबायचं ते फक्त पेन खाली ओढताना! तुम्ही टाकलेला फोटो झूम करून बघितला, त्यात शिरोरेघा जाड केल्यात आणि शाई तुटलीय ती नेमकी तिथेच. आडवं जाताना दाबलं की निबच्या चिरलेल्या टोकाचा एक पाय दुसऱ्यापेक्षा जास्त वाकतो, फट मोठी होते, फीडमधून (निबखालच्या शाई पुरवणाऱ्या भागातून) तेवढी शाई येत नाही, मग रुळांसारख्या त्या दोन रेघा पडणारच. असंच दाबत राहिलं तर स्टील परत जागेवर येत नाही.

मुळात ही निब कॉपरप्लेट, म्हणजे दाब देऊन जाड-बारीक काढायच्या वळणदार इंग्रजी अक्षरासाठी. आपल्या देवनागरीत जाड-बारीक येतं ते बोरूच्या तिरक्या कतामुळे (छाटलेल्या टोकामुळे) आणि तो धरायच्या कोनामुळे, दाबामुळे नाही. म्हणूनच काउंटरवर 1.1 मिमीची स्टब (रुंद, सपाट टोकाची निब) दाखवली होती, तुम्हाला फ्लेक्सच हवी होती, रील बघून आला होता (हल्ली निम्मं गिऱ्हाईक तसंच येतं).

फाकलेली निब बदलून मिळत नाही, बिलावर तसं छापलंय. पण पेन घेऊन या, टोकं जुळवून बघतो, त्याचे पैसे नकोत. नाहीच जुळली तर त्याच पेनात 6 नंबरची स्टब बसेल, फक्त निबचे पैसे द्या आणि लावायच्या आधी इथेच बसून दोन ओळी मराठी लिहून बघा. स्टार वाढवा असं म्हणत नाही, फक्त येताना शाई काढून आणा, सोमवारी बंद असतं.