‘लावा आणि विसरा’ हे वाक्य मागे घेतो, रिॲक्टर मात्र नाही

ठाणेकर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया वाचून आधी रागच आला, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाबरोबर पुन्हा वाचली आणि लक्षात आलं की निम्म्या ठिकाणी तुमचं बरोबर आहे आणि उरलेल्या ठिकाणी हिशेब मांडल्याशिवाय उत्तर देता येणार नाही. चार ओळींत ते मावेना, म्हणून हे लांबण.

मूळ लेख न वाचलेल्यांसाठी थोडक्यात: न्यू जर्सीतल्या आमच्या घरी खालची जोडटाकी (संप) धरून ४०० लिटरचा रीफ टँक, म्हणजे जिवंत प्रवाळांचा खाऱ्या पाण्याचा टँक आहे. त्याला कॅल्शियम रिॲक्टर, म्हणजे प्रवाळांच्या सांगाड्याला लागणारे घटक पाण्यात पुरवणारं यंत्र, जोडला, त्याबद्दल मी लिहिलं आणि भरात येऊन शेवटी म्हटलं, ‘एकदा लावा आणि विसरा.’ ठाणेकरांचं म्हणणं असं की यात स्वयंचलित काहीच नाही, नुसती नवी दुखणी आहेत. हेच काम दोन बाटल्यांतली द्रावणं आणि ती मोजून सोडणारे डोसिंग पंप स्वस्तात करतात. आधी कार्बन डायऑक्साइड गॅस सोडून पीएच पाडायचा आणि मग तो चढवायला आणखी यंत्रं आणायची, हा उफराटा धंदा आहे. घरात दाबाखालचा सिलिंडर ठेवायचा हे वेगळंच. शिवाय जे पाळणं भारतात गुन्हा आहे त्याची मराठीत जाहिरात कशासाठी?

ते वाक्य मागे घेतो. मी ते लिहिलं तेव्हा डिसेंबर यायचा होता.

डिसेंबरात भावाच्या लग्नाला तीन आठवडे चिपळूणला आलो होतो. माशांना खाणं घालायला शेजारी होते, पाण्याची भरपाई आपोआप होत होती, रिॲक्टर चालू होता. परत आलो तर सगळं वरकरणी ठीक. फक्त ॲक्रोपोरा या फांद्यांच्या कठीण प्रवाळाच्या टोकांची वाढ थांबलेली. अल्कलिनिटी, म्हणजे मुख्यतः पाण्यातला बायकार्बोनेटचा साठा, तपासली तर ८.२ वरून ५.९ डीकेएच (ती मोजायचं एकक). रिॲक्टरमधून बाहेर येणारं पाणी ज्या नीडल व्हॉल्व्हमधून जातं तो चोंदत आला होता आणि धार निम्म्यावर आली होती. गॅस चालू, पंप चालू, कंट्रोलरच्या पडद्यावर पीएच अगदी हवा तसा. यंत्राच्या दृष्टीने सगळं आलबेल होतं, कारण ते डब्याच्या आतला पीएच बघतं. डब्यातून टँकमध्ये किती पोहोचतंय ते बघायला तिथे कुणीच नव्हतं.

इथवर नुकसान फार नव्हतं. पुढचं मी केलं. घाबरून एका दिवसात खायचा सोडा घालून अल्कलिनिटी जवळजवळ तीन डीकेएच चढवली. तिसऱ्या दिवसापासून दोन ॲक्रोपोरांची कातडी बुडापासून सोलत वर गेली. दिवसाला एखादा डीकेएचपेक्षा जास्त हलवू नये हे मीच इथे दहा वेळा लिहिलंय. आता व्हॉल्व्ह काढून त्या जागी पेरिस्टाल्टिक पंप बसवलाय. तो पाणी ठरल्या मापाने ओढतो आणि सहसा चोंदत नाही. तरी दर रविवारी मोजपात्र आणि घड्याळ घेऊन धार मोजतो. पीएचचा प्रोबही महिन्याला ४ आणि ७ च्या द्रावणात बुडवून जुळवून घेतो. तो हळूहळू चळतो, आणि खोटा चढा आकडा दाखवू लागला की कंट्रोलर गॅस सोडतच राहतो आणि आतल्या खड्यांचा लगदा होतो. म्हणजे विसरणं सोडाच, उलट एक वार बांधून घेतलाय.

मग आपोआप होतं ते काय? प्रमाण. हे समजवायला मला शाळेत जावं लागेल.

चुन्याच्या निवळीत नळीने फुंकायचा प्रयोग आपण सगळ्यांनी केलाय. निवळी दुधाळ होते, उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड आहे हे सिद्ध होतं, वहीत आकृती काढायची, झालं. मी मात्र फुंकतच राहिलो होतो. थोड्या वेळाने दुधाळपणा गेला आणि पाणी पुन्हा नितळ झालं. बाईंना दाखवायला काहीच उरलं नाही म्हणून ओरडा बसला. खरं तर प्रयोगाचा दुसरा अंक तोच. पहिल्या फुंकरीत चुन्याचं कॅल्शियम कार्बोनेट होतं, ते विरघळत नाही म्हणून पाणी पांढरं दिसतं. आणखी कार्बन डायऑक्साइड मिळाला की पाणी आम्लधर्मी होतं आणि त्याच कार्बोनेटचं विरघळणारं कॅल्शियम बायकार्बोनेट होतं.

कॅल्शियम रिॲक्टर म्हणजे हा दुसरा अंक, रात्रंदिवस चालणारा. डब्यात मृत प्रवाळाचे खडे, म्हणजे ॲरागोनाइट. त्यातून टँकचं पाणी गोल फिरवायचं आणि गॅस सोडून पीएच साडेसहाच्या आसपास आणायचा. खडे विरघळतात आणि कॅल्शियम व बायकार्बोनेट घेऊन पाणी थेंबाथेंबाने टँकमध्ये परततं. जिवंत प्रवाळ हीच क्रिया उलटी चालवून सांगाडा बांधतो. सांगाडा ज्याचा, तेच विरघळवून पाण्यात घालतोय, म्हणून दोन्ही घटक ज्या प्रमाणात खर्च होतात जवळजवळ त्याच प्रमाणात परत मिळतात: दर एक डीकेएचमागे साधारण सात पीपीएम कॅल्शियम. एक पुरतं आणि दुसरं उरतं असं होत नाही. मात्र मुळात बिघडलेलं प्रमाण रिॲक्टर दुरुस्त करत नाही, आहे ते टिकवतो. नैसर्गिक समुद्राच्या जवळ, म्हणजे कॅल्शियम ४१० पीपीएमच्या आणि अल्कलिनिटी सात-आठ डीकेएचच्या आसपास, हाताने आणून मगच तो जोडायचा. मॅग्नेशियमसाठी डब्यात डोलोमाइटचे थोडे खडे मिसळायचे.

आता दोन बाटल्यांचं. माझा टँक दिवसाला दोन डीकेएच खातो. ४०० लिटरला रोज साधारण २४ ग्रॅम खायचा सोडा आणि २१ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड लागेल. काही जड नाही, सोडा वाण्याकडेही मिळतो. पण सोड्यातलं सोडियम आणि दुसऱ्या बाटलीतलं क्लोराइड मागे राहतं, ते प्रवाळ खात नाही. दोघांचं मिळून रोज १६-१७ ग्रॅम मीठ, महिन्याला अर्धा किलो. म्हणजे लिटरमागे सव्वा ग्रॅमने खारटपणा चढणार आणि बाकीच्या क्षारांचं प्रमाण मागे पडणार. पाणी बदलून ते आवरता येतं. बालिंग पद्धतीत तर सोडियम क्लोराइड वगळलेलं मीठ वेगळं घालून नेमकी हीच भरपाई करतात. म्हणजे तीन बाटल्या झाल्या. चालतं, हजारो लोक चालवतात. मलाच रोजच्या पावडरींचा आणि मिठाच्या हिशेबाचा कंटाळा आला होता.

रिॲक्टरचा हिशेब असा. बाहेर येणारं पाणी ३० डीकेएच, टँक ८, म्हणजे लिटरमागे २२ ची कमाई. रोजचा खर्च ४०० गुणिले २, म्हणजे ८००. भागाकार केला तर दिवसाला ३६ लिटर, मिनिटाला २५ मिलिलिटर. रविवारी मोजतो तो हा आकडा. या खर्चाला रोज साधारण १४ ग्रॅम खडा विरघळतो, वर्षाला पाच किलो. पहिल्यांदा हे गणित केलं तेव्हा गंमत वाटली होती. तेवढेच पाच किलो काचेपलीकडे फांद्या होऊन आणि दगडांवरचा जांभळा थर होऊन पुन्हा घट्ट होतात.

तुम्ही निवळीचं नावही काढलंत, ते आवडलं. जर्मनीत तिच्यावर टँक चालवण्याची जुनी पद्धत आहे आणि इथे दुकानात तिला ‘काल्कवासर’ म्हणतात. जर्मनमध्ये त्याचा अर्थ चुन्याचं पाणी एवढाच. आजी कोहळ्याच्या फोडी जिच्यात टाकून ठेवायची तीच निवळी इथे विलायती नावाने विकत घेताना हसू येतं. पण ती घालायची बाष्पीभवनाने उडालेल्या पाण्याच्या जागी, त्यामुळे तेवढीच घालता येते. माझ्याकडे दिवसाला चार लिटर उडतं. चार लिटर संपृक्त निवळी टँकला जेमतेम १.१ डीकेएच देते आणि मला हवेत दोन. टँक नवा होता तेव्हा पहिली दोन वर्षं मी निवळीवरच काढली.

म्हणून तुमचा ‘अतिरेक’ हा शब्द बऱ्याच टँकांना लागू पडतो. दीडशे लिटरमध्ये झोअँथिड, मशरूम आणि एखादं लेदर कोरल असे मऊ प्रवाळ असतील तर काहीच नको, दर आठवड्याला थोडं पाणी बदललं की झालं. चार-सहा कठीण प्रवाळ असतील तर निवळी किंवा दोन बाटल्या. रोजचा खर्च निवळीच्या आवाक्याबाहेर जायला लागला की मग रिॲक्टरचा विचार. हे मूळ लेखात आधी यायला हवं होतं.

पीएचच्या बाबतीत तुम्ही अर्धे बरोबर आहात. परतणारं पाणी आम्लधर्मी असतं, टँकचा पीएच उतरतोच. पण माझ्याकडे त्याहून मोठा दोषी आमचं घर आहे. जानेवारीत खिडक्या महिनाभर उघडत नाहीत, माणसांचा आणि कुत्र्याचा उच्छ्वास आतच फिरतो. रिॲक्टर नव्हता तेव्हाही हिवाळ्यात पीएच ७.९ च्या वर जात नसे. आता रिॲक्टरच्या पुढे खड्यांचा दुसरा डबा आहे, त्यात उरलासुरला गॅस खर्च होतो. बुडबुड्यांनी पाण्यातली घाण काढणाऱ्या स्किमरची हवेची नळी भिंतीतून बाहेर काढलीय. आणि निवळी अजून आहेच, रात्री भरपाईच्या पाण्यातून जाते. एकाने पाडायचं आणि दुसऱ्याने चढवायचं, तुमच्या भाषेत उफराटा धंदा. पण निवळीने येणारं कॅल्शियम फुकट जात नाही, तेवढा भार रिॲक्टरवरून उतरतो. ठाण्यात बाराही महिने खिडक्या उघड्या असतात, तिथे हे प्रकरण इतकं चिघळणार नाही.

सिलिंडरबद्दल मी मूळ लेखात एक ओळही लिहिली नव्हती. ती चूक साधी नाही. माझा सिलिंडर सव्वादोन किलो गॅसचा, लहानात मोजतात असा. तेवढा सगळा मोकळा झाला तर सव्वा घनमीटर होतो. तीन बाय चार मीटरच्या बंद खोलीत हवेचे चार टक्के. जिवाला तातडीचा धोका मानतात ती पातळी हीच. गॅस हवेपेक्षा जड, तळघरात तळाशी साचतो. माझा सिलिंडर भिंतीला साखळीने बांधलाय, कार्बन डायऑक्साइडचा गजर खाली, गुडघ्याच्या उंचीवर आहे. झोपायच्या खोलीत हे यंत्र ठेवू नये.

कायद्याचा मुद्दा वादाचाच नाही. २००१ पासून सगळे कठीण प्रवाळ आपल्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. सी फॅन आणि फायर कोरलही. समुद्रातून काढणं, विकणं, बाळगणं, काहीही करू नये. इथे माझ्याकडचे बहुतेक प्रवाळ दुसऱ्या हौशी लोकांच्या टँकमधल्या तोडलेल्या फांद्या आहेत, फ्रॅग. अदलाबदलीच्या मेळाव्यांत मिळतात. मराठीत लिहितो कारण मला मराठीतच लिहिता येतं, आणि वाचणारे निम्मे तुमच्याकडचे आहेत हे डोक्यात नव्हतं. मूळ लेखाच्या माथ्यावर आता ठळक सूचना टाकलीय. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहेत, ते तिथेच पाण्यात बघा. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर पश्चिमेला आंग्रिया बँकवर तर खरोखरचा प्रवाळाचा पट्टा आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा. माझं स्वतःचं अजून तिथे जाणं झालेलं नाही, न्यू जर्सीत बसून काचेतून बघतोय.

तुमचा शेवटचा टोला, ‘मेलेले प्रवाळ विरघळवून जिवंत पोसता’, तो लागला. डब्यातले खडे मृत प्रवाळाचेच आहेत, नाकारत नाही. खाणीतला चुनखडक चालला असता, पण तो कॅल्साइट, ॲरागोनाइटपेक्षा हट्टी. पीएच आणखी खाली न्यावा लागतो, म्हणजे गॅस जास्त. पुढच्या भरण्याला निम्मा डोलोमाइट घालून बघणार आहे. अल्कलिनिटी किती पडते ते कळवीन.

एक तुम्हाला विचारायचं राहिलं. तुम्ही गोड्या पाण्यातल्या झाडांच्या टँकला स्वतःच सीओटू देता असं लिहिलंय. रेग्युलेटर एक टप्प्याचा आहे की दोन? एक टप्प्याचा असेल तर सिलिंडर संपत आल्यावर आतला दाब पडतो आणि बाहेरचा अचानक चढतो, सगळा उरलेला गॅस एका रात्रीत टँकमध्ये जाऊ शकतो. आत द्रव उरलाय तोवर मीटरचा काटा हलत नाही, त्यामुळे काट्यावर भरवसा ठेवू नका. स्वयंपाकघरातला सिलिंडर हलवून बघतो तसा हाही वजनानेच ओळखायचा. मी मासळीच्या जुन्या तराजूवर ठेवतो आणि अर्धा किलो उरला की बदलून आणतो.