काकांना डीएनएस लागत नाही

घरात वायफाय आहे आणि मुलगा आठवीत आहे, एवढ्या दोन गोष्टी जमल्या की बापाची झोप उडते. मुलांना इंटरनेटवर नको ते दिसू नये, या विषयावर आमच्या नाशिकमधल्या इंदिरानगरच्या सोसायटीत पार्किंगमध्ये उभ्याउभ्या परिसंवाद होतात. प्रत्येक बापाकडे एक उपाय असतो आणि "आमचा तसा नाही हो" हे वाक्यही.

पुण्यात आयटीत असलेला भाचा दिवाळीला आला, तेव्हा त्याने राउटरची सेटिंग बदलून दिली. "मामा, डीएनएस १.१.१.३ टाकलंय. अश्लील साइट आता उघडणार नाहीत." प्रकार मोठा छान आहे. साइटचं नाव टाकलं की तिचा पत्ता सांगणारं कुणीतरी मध्ये असतं; तो सांगणाराच बदलायचा. रविवार कारंजावर तुम्ही भलत्या जागेचा पत्ता विचारावा आणि पानवाल्याने चुना लावतालावता "असं इथं काही नाही" म्हणावं, तसं.

पण तेवढ्यावर थांबेल तो बाप कसला? भाचा परत गेल्यावर मला आणखी कडक फिल्टर सापडला. त्यात वाईट गोष्टींची यादीच होती: जुगार, डेटिंग, शस्त्रं, मद्य. हवं तिथं टिक करायची. मी सगळीकडे केली. वाईटात डावंउजवं काय करायचं?

मद्य! आणि तेही नाशकात!

धाकटीला शाळेत प्रकल्प होता, 'आपल्या जिल्ह्यातील द्राक्षे'. थॉमसन सीडलेस, ऑक्टोबर छाटणी इथवर सुरळीत चाललं. पुढे जी लिंक दाबावी ती कुठल्या ना कुठल्या वायनरीची निघे आणि पडद्यावर बंदीची पाटी झळके. "बाबा, द्राक्षं घाणेरडी असतात का?" तिने विचारलं. संध्याकाळी मेहुणा आला. तो दिंडोरीकडे एका वायनरीत हिशेब बघतो. चहा होईपर्यंत त्याने कंपनीची साइट उघडायला घेतली, तर हे पान या घरासाठी अयोग्य आहे, अशी सूचना. त्याने ती दोनदा वाचली आणि शांतपणे विचारलं, "दाजी, मी निघू का?"

बायकोच्या मावसबहिणीसाठी स्थळं बघायची साइटही बंद पडली होती. फिल्टरच्या मते ते डेटिंग. मावशींपर्यंत ही बातमी अजून पोचलेली नाही.

आणि ज्याच्यासाठी हा सगळा बंदोबस्त, ते चिरंजीव? ते आजीच्या फोनवर होते. रोजचा दीड जीबी डेटा, पिन १२३४. राउटरवरचा पहारा वायफायपुरता. मोबाइल डेटा त्याला विचारून जात नाही. चोरी पकडली ती माझ्या आईनेच. "अरे, माझा हरिपाठ कुठं गेला? सकाळपासून नुसती पोरं बंदुका घेऊन पळतायत." यूट्यूबचं असंच असतं, जे बघाल त्याच जातीचं पुढ्यात येत राहतं. फक्त इथं बघणारे दोन होते. त्यामुळे चिरंजीवांनाही दोन गोळीबारांच्या मध्ये एक काकडआरती ऐकावी लागत होती. माझ्या मते तरी आजवरचा सर्वांत परिणामकारक फिल्टर हाच.

तरी आईच्या फोनवर फॅमिली लिंक, म्हणजे मुलांच्या फोनवर पालकांनी लक्ष ठेवायचं गुगलचं ॲप, बसवावं असं मनात आलं. पण त्यात पालक कोण आणि मूल कोण, हे आधी ठरवावं लागतं. आई समोरच बसली होती. मी फोन परत दिला.

एवढं करून घरात अश्लील म्हणावं असं जे आलं, ते काकांकडून आलं. काका नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झाले. उभी हयात नोटांचा कागद डोळ्यांत तेल घालून तपासण्यात गेली. आता मात्र समोर येईल ते न तपासता पुढे पाठवतात. व्हॉट्सॲपचे मेसेज एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असतात, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून मध्ये कुणालाही वाचता येत नाहीत. राउटरलाही नाही. मी धाकटीला पांडवलेण्यांच्या सहलीचे फोटो दाखवत होतो, तेवढ्यात वरच्या बाजूला काकांचा विनोद उतरला. तिला आताशा मराठी भराभर वाचता येतं, याचं आम्हाला फार कौतुक होतं.

"बाबा, डॉक्टर नर्सला असं का म्हणाले?"

बायको आतून म्हणाली, "काकांना लाव तुझा तो १.१.१.३."

शेवटी फोन केला. "काका, ग्रुपवरचं मुलंही बघतात हो."

"अरे, पण ते मी मोठ्यांसाठी पाठवतो!" काका दुखावले. मात्र माणूस समजूतदार. दुसऱ्या दिवसापासून ते प्रत्येक चावट विनोदाच्या डोक्यावर ठळक अक्षरांत 'मुलांनी वाचू नये' असं लिहू लागले. कुटुंबाच्या ग्रुपवर रोज सुप्रभात, सुविचार, वाढदिवस मिळून पन्नास-साठ मेसेज येतात. आता मुलांना नेमका कुठला उघडायचा, ते शोधत बसावं लागत नाही.