पॅलाडिनला कात्रीत कसं धरावं

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा फासे टाकून, पात्रं होऊन खेळायचा खेळ खेळवायला बसताय आणि खेळाडू स्वतःच्या डोक्याने काही ठरवतील अशी धास्ती आहे? मग 1978चं ‘अॅडव्हान्स्ड’ नियमपुस्तक काढा. त्यात माणसाचा स्वभाव, म्हणजे अलाइनमेंट, नऊ खणांत घालून तयार मिळतो: लॉफुल (नियमाने चालणारा) ते केऑटिक (बेबंद) आडवा, गुड ते ईव्हिल उभा, मधे दोन्हीकडे न्यूट्रल.

सुरुवात पॅलाडिनपासून करा, म्हणजे लॉफुल गुड असावाच लागणाऱ्या धर्मवीरापासून. त्याला करिष्मा हा गुण किमान 17 लागतो. तीन फाशांवर तेवढा किंवा जास्त पडायची शक्यता 216त 4, म्हणजे नवसाने झालेलं पात्र. ते घालवायला फार वेळ लागत नाही. दुसऱ्याच बैठकीत एक गॉब्लिन (खुजा राक्षस) शरण आणा, गयावया करणारा. सोडला तर टोळीला खबर देणार, मारला तर शरणागताची हत्या. आणि पॅलाडिनने जाणूनबुजून ईव्हिल कृत्य केलं की पद कायमचं गेलं. खेळाडू हुशार असेल तर म्हणेल, ‘बांधून बरोबर नेतो.’ हरकत नाही, रात्रीच्या पहाऱ्याला थीफ, म्हणजे टोळक्यातलं चोराचं पात्र, बसवा. पुस्तकाप्रमाणे थीफ न्यूट्रल किंवा ईव्हिल, क्वचितच न्यूट्रल गुड. सकाळी गॉब्लिनचा गळा चिरलेला! आता पॅलाडिनला नियम वाचून दाखवा: न्यूट्रल सोबत्यांबरोबर फक्त एका मोहिमेपुरतं जाता येतं, ईव्हिलबरोबर अजिबात नाही. पुढचे दोन तास ते दोघं भांडतील. तुम्ही चहा घ्या, पुढच्या गुहेचा नकाशा लागणारच नाही. (2008च्या चौथ्या आवृत्तीने पॅलाडिनवरची ही लॉफुल गुडची सक्ती काढली. ते पुस्तक कोणी आणलंच तर पिशवीतच राहू द्यायला सांगा.)

ड्रुइड (निसर्गपूजक पुरोहित) असेल तर 1989ची दुसरी आवृत्ती उघडा. ट्रू न्यूट्रलचा, म्हणजे अगदी मधल्या खणाचा, नमुना म्हणून तिथे ड्रुइडच दिलाय: दुष्ट नॉलांशी (तरसमुखी राक्षसांशी) लढायला तो येतो, पण नॉल नामशेष व्हायच्या बेतात आले की लढाई सोडतो किंवा सरळ त्यांच्या बाजूला जातो. समतोल म्हणतात याला. सोबतच्या फायटरचं, म्हणजे योद्ध्याचं, तोंड त्या वेळी बघण्यासारखं असतं.

कोणाला अलाइनमेंट बदलायची असेल तर 1978च्या पुस्तकाप्रमाणे जुनीची भाषा तत्क्षणी बोलता येईनाशी होते. होय, लॉफुल गुड मंडळींची वेगळी भाषा असते. व्याकरण विचारू नका.

क्लासचं, म्हणजे पात्राच्या पेशाचं, काम त्याहून सोपं. क्लेरिकला (पुरोहिताला) धारदार शस्त्र वर्ज्य, गदेने कवटी फोडलेली चालते. पहिल्या लेव्हलच्या मॅजिक-यूझरचे (जादूगाराचे) हिट पॉइंट, म्हणजे किती इजा सोसेल ते, चार बाजूंच्या फाशावर, मंत्र दिवसाला एक. पहिल्याच खोलीत ‘स्लीप’ हा झोपवायचा मंत्र संपला की उरलेली संध्याकाळ त्याने मशाल धरायची. पायाशी लाँगसोर्ड पडलेली असली तरी ती त्याची नव्हे. तीच ऑर्क नावाच्या राक्षसाच्या हाती लागली तर एका फटक्याला 8पर्यंत इजा. मॅजिक-यूझर मेला की खेळाडूला नव्या पात्राची कोरी शीट द्या, आणि तोच चार बाजूंचा फासा.