टू मिनिट्स, मेट

इंग्लंडातल्या लीड्सच्या ग्रेट जॉर्ज स्ट्रीटवर जुन्या इन्फर्मरीसमोर, म्हणजे इस्पितळासमोर, मी सकाळी साडेदहाला उभा होतो. एप्रिलचा शनिवार. हिवाळ्यात सूर्य इतका खाली असतो की समोरच्या इमारतींची सावली त्या दर्शनी भिंतीवर पडते, म्हणून मी नोव्हेंबरपासून थांबलेलो. सहा महिने. आणि त्या दिवशी ऊन अगदी हवं तसं, तिरपं, लाल विटांवर, मधल्या फिकट दगडाच्या पट्ट्यांवर, टोकदार कमानींच्या आत शिरलेलं. ट्रायपॉड लावला, लेव्हलचा बुडबुडा मधे आणला, श्वास रोखला. तेवढ्यात एक पांढरी व्हॅन आली आणि फ्रेमच्या मधोमध थांबली.

मधोमध म्हणजे मधोमध. टेप घेऊन कोणाला लावायला सांगितली असती तरी इतकी बरोबर लागली नसती. ड्रायव्हरने चारही इंडिकेटर लावले, काच खाली केली, मला अंगठा दाखवला आणि म्हणाला, "टू मिनिट्स, मेट."

ती दोन मिनिटं सत्तावीस मिनिटं चालली. तेवढ्या वेळात त्याने एक सॉसेज रोल खाल्ला, कागदाचा बोळा करून डॅशबोर्डवर ठेवला, तिथे आधीचे चार बोळे होतेच. मग कोणाशी तरी फोनवर भांडला. एकदा उतरला, मागचं दार उघडलं, आत बघितलं, दार लावलं आणि परत येऊन बसला. तो गेला तेव्हा आभाळ भरून आलं होतं. माझ्याकडे बघून हात मात्र हलवला, जसा काही मी त्याला निरोप द्यायला उभा होतो.

बायको म्हणते, "अरे, एक भिंत आहे, उद्या काढ." उद्या! या देशात ऊन उद्या मिळतं असं हिला अजून वाटतं, इथे नऊ वर्षं काढून.

ही नुसती भिंत नाही, हे मी तिला हजारदा सांगितलंय. माझं कॉलेज फोर्टात. राजाबाई टॉवरच्या घड्याळावर आम्ही लेक्चर कधी बुडवायचं ते ठरवायचो. तो टॉवर, ते ग्रंथालय, दीक्षान्त सभागृह, सगळं जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट नावाच्या माणसाने लंडनमध्ये बसून कागदावर उतरवलं. पठ्ठ्या मुंबईला एकदाही आला नाही. सभागृह 1874 चं, टॉवर पुरा झाला 1878 मध्ये, आणि त्याच वर्षी स्कॉट गेला. टॉवरचे पैसे प्रेमचंद रायचंदांचे, नाव त्यांच्या आईचं. तर इथे आल्यावर कळलं की हा माणूस गल्लोगल्ली आहे. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनचं हॉटेल त्याचं, ग्लासगो विद्यापीठ त्याचं, एडिनबराचं तीन शिखरांचं सेंट मेरीज कॅथीड्रल त्याचं, हाइड पार्कला लागून असलेलं अल्बर्ट मेमोरियल त्याचं, आणि माझ्या बसस्टॉपपासून दहा मिनिटांवरची ही इन्फर्मरीही त्याचीच. म्हटलं, तो मुंबईला आला नाही तर आपण त्याच्या सगळ्या इमारतींना भेटून येऊ. प्रत्येकीचा एक नीट फोटो. उभ्या रेषा उभ्या, आडव्या आडव्या, मधे कोणी नाही. एवढंच मागणं.

पाच वर्षं झाली. मनासारखे फोटो किती? चार.

भारतातून फोन आला की सगळे म्हणतात, "तिकडे काय, पावसाने वाट लावली असेल." पावसाला मी एक शब्द बोलणार नाही. पाऊस बिचारा येतो, जातो, दगड धुऊन ठेवतो, ओल्या फरशीत कमानीचं प्रतिबिंब देतो. माझं डोकं फिरतं ते माणसांनी आणून ठेवलेल्या गोष्टींनी.

पहिला नंबर परांचीचा. जुन्या इमारती दुरुस्त व्हायलाच हव्यात, नाहीतर दोनशे वर्षं टिकतील कशा, हे मलाही कळतं. पण आधी कळायला नको का? मँचेस्टरचं टाउन हॉल, वॉटरहाउस नावाच्या वास्तुविशारदाचं, 1877 चं, दुरुस्तीसाठी 2018 मध्ये बंद झालं. त्याची निदान बातमी तरी झाली. छोट्या गावातल्या चर्चची बातमी कोण देणार? एका गावी मी दोन बस बदलून, वर चढण चढून गेलो, स्कॉटचं उंच शिखर बघायला. शिखर होतं. पायथ्यापासून टोकापर्यंत लोखंडी पाइप आणि पांढरं प्लास्टिक, वारा आला की फडफडतंय. गुंडाळून ठेवलेल्या गणपतीसारखं. खाली कंत्राटदाराची पाटी मात्र सुबक, तिच्यावरच्या अक्षरांचा फोटो उत्तम आला.

आणि दुसऱ्या एका शहरात तर कहर. परांचीवरच्या कापडावर त्याच इमारतीचा फोटो छापलेला, खऱ्या मापात, मागे निळंशार आकाश. वरचं खरं आकाश राखाडी. म्हणजे कोणीतरी येऊन, ऊन पडलेलं असताना, व्हॅन नसताना, तो फोटो काढला होता! कोण हा भाग्यवान?

आईबाबा 2019 च्या उन्हाळ्यात आले होते. बाबांना एकच गोष्ट बघायची होती, बिग बेन. तो टॉवर 2017 पासून 2022 पर्यंत दुरुस्तीत होता. घड्याळाची एक तबकडी तेवढी उघडी, बाकी सगळा पिंजरा. बाबा वेस्टमिन्स्टर ब्रिजवर थांबले, चष्मा पुसला, परत बघितलं आणि म्हणाले, "म्हणजे अजून बांधून झाला नाही?" आयुष्यभर बीएमसीची खोदकामं बघितलेला माणूस. त्यांच्या दृष्टीने सगळं ओळखीचंच होतं.

आता दुसरी गोष्ट, जिच्यासाठी खरं तर हे लिहायला बसलोय. सुरक्षारक्षक.

कायदा काय म्हणतो ते आधी सांगतो, कारण तो मला तोंडपाठ झालाय. सार्वजनिक रस्त्यावर उभं राहून इमारतीचा फोटो काढायला या देशात कोणाची परवानगी लागत नाही. 1988 च्या कॉपीराइट कायद्याच्या 62 व्या कलमात तर स्पष्ट लिहिलंय की इमारतीचा फोटो काढल्याने वास्तुविशारदाच्या कॉपीराइटला धक्का लागत नाही. मधे एक काळ असा होता की 2000 च्या दहशतवादविरोधी कायद्याचं 44 वं कलम दाखवून पोलीस कॅमेरेवाल्यांना थांबवायचे, संशयाचं कारणसुद्धा न देता. जानेवारी 2010 मध्ये युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने ते कलम चुकीचं ठरवलं, त्याच महिन्यात इथले फोटोग्राफर ट्रफाल्गर चौकात कॅमेरे घेऊन जमले, आणि पुढे ते गेलं. उत्तम. आनंद आहे. पण सावळ्या रंगाच्या माणसाने पाठीवर काळी मोठी बॅग घेऊन स्टेशनसमोर अर्धा तास उभं राहिलं की लोक कसे बघतात, त्यावर कुठलं न्यायालय निकाल देणार?

असो. तर रस्ता सार्वजनिक असेल तर. आणि इथेच मेख आहे, कारण रस्ता सार्वजनिक आहे हे कळायचं कसं? लंडनमधल्या एका नव्या चकचकीत चौकात मी ट्रायपॉड उघडला. बाकं आहेत, कारंजं आहे, पोरं पाण्यात नाचतायत, कुंपण नाही, फाटक नाही. दोन पाय टेकवले, तिसरा लांब करतोय, तोवर पिवळ्या जॅकेटमधले एक गृहस्थ आले. माझं तोंड बघून थेट हिंदीतच: "भाईसाब, ये नहीं चलेगा."

"क्यों? सबके हाथ में तो फोन है."

"फोन चलेगा. स्टँड नहीं चलेगा. स्टँड मतलब प्रोफेशनल."

मी म्हटलं, अहो, मी ऑफिसात एक्सेल भरतो, कसला प्रोफेशनल! ते शांतपणे म्हणाले, प्रायव्हेट जागा आहे, ऑफिसला ईमेल करा, परवानगी मिळते. किती दिवसांत? हात हवेत फिरवला. आणि मग त्यांनी बुटाच्या टोकाने खाली दाखवलं. फरशीत रुपयाएवढ्या पोलादी टिकल्या बसवलेल्या, हातभर अंतराने, एका ओळीत. मी त्या जागेवरून वीस वेळा गेलो असेन, कधी बघितल्या नव्हत्या. टिकल्यांच्या अलीकडे कंपनीची मालकी, पलीकडे कौन्सिलचा, म्हणजे पालिकेचा रस्ता. "उधर से निकालो, कोई कुछ नहीं बोलेगा." म्हणजे चार पावलं मागे. चार पावलं मागे गेल्यावर फ्रेममध्ये काय येतं? बसस्टॉप, कचऱ्याचा डबा आणि एक जाहिरातीचा खांब.

मुंबईत वॉचमन शिट्टी मारून ओरडतो, "ओ साहेब, फोटो नाय काढायचा!" राग येतो, पण पाटी असते, फाटक असतं, आपण आत शिरलोय हे माहीत असतं. इथे सगळं मोकळं ठेवायचं, बसा म्हणायचं, कॉफी विकायची आणि हक्काची रेघ टिकल्यांनी मारून ठेवायची, तीही पायाखाली. त्या गृहस्थांवर माझा काडीचाही राग नाही. दहा तास थंडीत उभे असतात, वरून सांगतील ते करतात. जाताना त्यांनी विचारलं, लेन्स केवढ्याची? सांगितल्यावर म्हणाले, "इतने में तो गाड़ी आ जाए." सेकंड हँड येईलही.

त्याच दिवशी सेंट पँक्रससमोर गेलो. साठीच्या दशकात ही इमारत पाडायला निघाले होते, 1967 मध्ये ग्रेड वनचं, म्हणजे वारसा इमारतींना मिळणारं सगळ्यात वरचं, संरक्षण मिळालं म्हणून वाचली. यूस्टन रोडच्या पलीकडून एकच सेकंद रस्ता मोकळा मिळतो. दोन मजली बस, टॅक्सी, बस, सायकलवर पिझ्झावाला, बस. एकशे बारा फोटो काढले, त्यातले एकशे नऊ बसचे. आणि वर गंमत अशी की मागे कुठे सरकावं म्हटलं की एखादा लाल टेलिफोनचा डबा वाटेत असतोच. तो डबा कोणी डिझाइन केला? जाइल्स गिल्बर्ट स्कॉटने. नातू! आजोबांचं घर आणि समोर नातवाचं खेळणं. आतमध्ये फोन चालत नाही, पण सेल्फीसाठी रांग असते आणि रांगेतल्या प्रत्येकाला एक पाय वर करूनच फोटो हवा असतो.

नाताळच्या आधी महिनाभर तर कुठल्याही टाउन हॉलकडे फिरकूच नये. लाकडी टपऱ्या, सॉसेजचा धूर, वर एक फुगवलेला सांता.

इन्फर्मरीचा तो शनिवारचा फोटो मी रागाने तसाच काढून ठेवला होता, व्हॅनसकट. घरी येऊन बाबांना व्हॉट्सॲपवर पाठवला, खाली लिहिलं, राजाबाई टॉवरवाल्या स्कॉटचं काम, 1869 मध्ये उघडलेलं. पाच मिनिटांनी दोन निळ्या टिका आल्या. मग उत्तर.

"छान. गाडी नवी घेतलीस का?"